सोफ्यासाठी कुशन कव्हरं घरी शिवली, पण कोपरे लोंबतात आणि खोलीही उजळली नाही

निळीखिडकी

नमस्कार मंडळी. आमचं घर भाड्याचं आहे, भिंतींना रंग द्यायची परवानगी नाही. भिंती फिकट बदामी, फरशी फिकट, सोफा राखाडी. संध्याकाळी दमून घरी आलं की बैठकीची खोली बघून मन आणखीच मलूल होतं. एका मोठ्या खिडकीला मी निळे पडदे लावलेत, या घरात मला मनापासून आवडणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

म्हणून ठरवलं, सोफ्यावर चार कुशनं ठेवायची आणि त्यांची कव्हरं स्वतः शिवायची. आईची पायमशीन माझ्याकडे आहे. सरळ टीप नीट घालता येते, त्यापलीकडे शिकलेले नाही. आतली तयार कुशनं 16 बाय 16 इंचाची आणली. कापड जरा सैल असलेलं बरं म्हणून 18 बाय 18 कापलं आणि चारही बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी जास्तीची कड) धरली. पुढची बाजू नव्या कोऱ्या पिवळ्या छापील सुती कापडाची, मागची घरातल्या जुन्या चादरीची. चेन लावायचं धाडस झालं नाही, म्हणून एक बाजू हाताने शिवून बंद केली.

पंधरा दिवसांनी ती बाजू उसवून कव्हरं धुतली आणि सगळं बिघडलं. पुढच्या बाजूला कडेने चुण्या आल्या. कोपरे तर आधीपासूनच लोंबत होते, कुशन मध्ये आणि चार कोपऱ्यांना रिकामे कान. शिवाय पिवळा रंग दिवसा बरा दिसतो, पण दिवा लावला की पांढुरका, उतरल्यासारखा वाटतो. चार रविवार यात घातलेत, टाकून द्यायची इच्छा नाही. कुठे चुकलं ते कुणी नीट सांगेल का?

पडदेवाला

हाताने शिवून बंद करू नका, दर धुण्याला उसवावं लागेल. चेन वाटते तेवढी अवघड नाही. तीन बाजू शिवून मग चेन लावायला गेलात तर मात्र नाकी नऊ येतील. आधी खालच्या बाजूला, कापडं अजून सुटी असताना, चेन लावून घ्यायची. चेन कुशनच्या रुंदीपेक्षा दोनेक इंच आखूड असावी. चेनसाठीचा एका बाजूचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) लावा, म्हणजे सुई दातांच्या जवळून जाते. आणि उरलेल्या तीन बाजू शिवण्याआधी चेन अर्धी उघडून ठेवा. ती बंद राहिली तर चारी बाजूंनी शिवलेली पिशवी उलटवायला वाटच उरत नाही. नवशिके हे हमखास विसरतात.

उरेब

निळीखिडकी ताई, तुमची टीप सरळ आहे, म्हणजे अवघड भाग तुम्हाला येतो. बिघडलंय ते माप आणि कापड. दोन्ही दुरुस्त होतं. मी 22 वर्षं घरी शिवते आहे, त्यातली पहिली दोन-तीन वर्षं माझ्याही कव्हरांना हेच कान होते, आणि कुणी सांगायला नव्हतं म्हणून मी ते तसेच वापरले. तुम्हाला तेवढं थांबायला लागू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चुण्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच सहज जातात, लिननही तसंच. तुमच्या चादरीचं जे आटायचं ते केव्हाच आटून झालंय. आता एका टिपेला दोन कापडं बांधलेली, त्यातलं एक आखडलं आणि दुसरं जागचं हललं नाही. ती ओढाताण कडेला चुण्या होऊन दिसते. म्हणून कापड घरी आलं की कात्री लावण्याआधी धुवायचं, जसं पुढे कायम धुणार आहात तसंच. वाळवायचं, इस्त्री करायची, मगच कापायचं. त्याच धुण्यात रंग सुटतो का तेही कळतं. गडद कापडाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडक्यावर डाग आला तर ते कापड फिकट कापडाशेजारी शिवू नका.

आता माप, आणि इथे तुमचा अंदाज नेमका उलटा पडला. कुशनला सैल कव्हर चालत नाही. कव्हर आतल्या कुशनपेक्षा इंचभर लहान हवं, तेव्हा ते आतून ताणलं जातं आणि कुशन टच्च भरलेलं दिसतं. तुमचं 18 चं कापड माया जाऊन 17 चं कव्हर झालं आणि आत 16 चं कुशन. मोकळी जागा कोपऱ्यातच जमणार. 16 च्या कुशनला तयार कव्हर 15 चं धरा, म्हणजे अर्ध्या इंचाच्या मायेसह कापड 16 बाय 16. पहिल्यांदा भरताना वाटेल की हे जाणारच नाही. जातं. कुशन मधोमध दुमडून आत सरकवायचं, मग हात आत घालून एकेक कोपरा त्याच्या जागी ढकलायचा.

चेन येईपर्यंत मागची बाजू पाकिटासारखी करा. मागचे दोन तुकडे 16 बाय साडेअकरा इंचाचे. प्रत्येकाची एक लांब कड आधी अर्धा आणि मग एक इंच दुमडून शिवा, म्हणजे दीड इंच दुमडीत गेलं आणि तुकडा दहा इंच रुंद उरला. पुढचं कापड सुलट बाजू वर करून अंथरा, त्यावर हे दोन तुकडे उलट बाजू वर ठेवून पसरा. दुमडलेल्या कडा मधोमध चार इंच एकमेकींवर येतात. चारी बाजूंनी टीप मारली की झालं. जिथे एक तुकडा दुसऱ्यावर चढतो तिथे टीप पुढे-मागे करून दोनदा घाला, कुशन काढताघालताना सगळा ताण तिथेच येतो. 44 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात तिन्ही तुकडे एका ओळीत बसतात (16 अधिक साडेअकरा अधिक साडेअकरा, 39 होतात), म्हणून एका कव्हराला अर्धा मीटर पुरतं, आटायची सोय धरूनही. 36 चा पन्हा असेल तर तसं बसत नाही, जास्त घ्यावं लागेल. तुकडे कापताना उभा धागा (कापडाच्या लांबीच्या दिशेचा) सगळ्यांचा एकाच दिशेने येऊ द्या, नाहीतर कव्हर तिरकं ओढतं.

कोपऱ्यांबद्दल खास लिहायचंय, कारण माप बरोबर आलं तरी कान थोडे राहतातच. कुशन भरलं की ते मध्ये फुगतं, चारी बाजू किंचित आत ओढल्या जातात आणि कोपरे टोकदार होऊन पुढे येतात. चौकोनी कापलेलं कव्हर चौकोनी दिसत नाही ते यामुळे. उपाय कापतानाच करायचा. कापडाच्या उलट बाजूला एका कोपऱ्यातून दोन्ही कडांवर चार-चार इंचांवर खूण करा, म्हणजे बाजूचा चौथा भाग. मग कोपऱ्यातच, दोन्ही कडांपासून अर्धा इंच आत, एक ठिपका द्या. कडेवरच्या खुणेपासून त्या ठिपक्यापर्यंत पट्टीने रेघ ओढा, दुसऱ्या बाजूनेही तशीच. आता कोपरा थोडा आत गेलेला आणि बाजू मध्ये जराशा फुगलेल्या दिसतील. त्या रेघांवर कापायचं. चारी कोपऱ्यांना हेच. पुढचं कापड आणि मागचे तुकडे टाचणीने एकत्र लावून एकदमच कापलेत तर सगळे कोपरे तंतोतंत जुळतात.

कापलेला तुकडा टेबलावर ठेवलात की तो वाकडा दिसतो आणि हात कचरतो. पहिल्यांदा मी तीन वेळा माप तपासलं होतं. भरल्यावर मात्र तोच तुकडा सरळ चौकोन होतो.

शिवताना कोपऱ्यावर आलात की सुई कापडात खुपसलेली ठेवा, फूट उचला, कापड वळवा, फूट खाली, पुढे चला. चारी बाजू झाल्यावर कोपऱ्यातलं जास्तीचं कापड तिरकं छाटा, टिपेपासून सुतभर अंतर राखून. टीप कापली गेली तर कोपऱ्याला भोक पडेल. उलटवल्यावर कोपरा बाहेर काढायला कात्रीचं टोक वापरू नका. बोथट काडी किंवा विणायची सुई घ्या आणि हळूहळू ढकला.

तुमच्या चार कव्हरांचं कापड वाया गेलेलं नाही. 17 चं तयार कव्हर तुमच्याकडे आहे, उसवून पुन्हा कापलंत तर 16 चा चौकोन आरामात निघतो. पिवळं कापड आता धुऊन झालंय, म्हणजे त्याचं आटणं बव्हंशी संपलं. चादरीचा मागचा भाग मात्र अख्खा एक तुकडा आहे, पाकिटाला दोन लागतात. चार कव्हरांच्या चादरी उसवल्यात तर त्यांतून दोन कव्हरांचे मागचे भाग निघतील.

रंगपेटी

शिवणकाम मला येत नाही, चित्रकला शिकवते, म्हणून फक्त रंगाबद्दल.

पिवळा उतरल्यासारखा दिसतो त्याला दोन कारणं आहेत. रात्रीच्या पिवळसर दिव्याखाली पांढऱ्या वस्तूही पिवळट दिसतात, त्यामुळे फिकट पिवळ्याचं वेगळेपण मिटतं. आणि दिवसासुद्धा तो पिवळा फिकट बदामी भिंतीसमोर आहे, म्हणजे स्वतःच्याच कुळातल्या रंगासमोर. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

पॅरिसच्या गोबलँ या, भिंतीवर लावायची चित्रमय वस्त्रं (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात मिशेल यूजेन शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तो रंग तपासला, रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्याला काळा तसा दिसत होता. त्यावर पुढे अभ्यास करून त्यांनी 1839 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मी वर्गात हे नेहमी सांगते, कारण मुलं रंग बदलत बसतात आणि शेजार बदलत नाहीत.

तुमच्याकडे निळे पडदे आहेत ना? चार पिवळ्यांतली दोन कमी करा आणि पडद्याच्या निळ्यातलं एखादं कापड पिवळ्याला खेटून ठेवा. पिवळा लगेच उठून दिसेल, आणि खिडकीचा निळा खोलीत आत येईल. आणखी पिवळं कापड घेणार असाल तर अधिक गडद घ्या. विकत घेण्याआधी वीतभर तुकडा मिळाला तर तो सोफ्यावर टाचून एक अख्खा दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. ऊन असताना, ढगाळ असताना आणि दिवा लावल्यावर बघा. दुकानातल्या उजेडात दोन कापडं जुळलेली दिसतात आणि घरच्या दिव्याखाली वेगळी पडतात, हे खूपदा होतं.

सगळी कुशनं छापील नकोत. एक मोठ्या नक्षीचं, एक बारीक रेघांचं किंवा चौकड्यांचं, बाकी साधी. साध्या कापडावर डोळ्याला टेकायला जागा मिळते.

निळीखिडकी

तुम्हा तिघांचे किती आभार मानू! उरेब ताई, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून मशीनशेजारी चिकटवलाय.

एक विचारू का? निळं कापड शोधायला कपाट उघडलं तर बाबांचे दोन शर्ट हाती लागले. एक गडद निळा, एक निळ्या चौकड्यांचा. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ते शर्ट कुणाला द्यायला मन होत नाही आणि घडी करून नुसते ठेवले तरी जीव तुटतो. त्यांची कुशनं होतील का? शर्टाचं कापड पातळ आहे, आणि पहिल्या खेपेसारखं यात बिघडलं तर दुसरं आणता येणार नाही.

उरेब

होतील ताई, आणि फार सुंदर होतील. माझ्या वडिलांच्या शर्टाचं कुशन माझ्या खुर्चीत 11 वर्षं आहे. आतलं कुशन दोनदा बदललं, कव्हर तेच.

शर्टाला बटणपट्टी आयती असते, ती वाया घालवू नका. तीच कव्हराचं तोंड होईल, चेन नको आणि पाकीटही नको. सगळी बटणं लावून शर्टाचा पुढचा भाग टेबलावर सपाट पसरा, मागच्या भागापासून सुटा करून. 16 चा चौकोन असा आखा की बटणपट्टी बरोबर मधोमध येईल. तो झाला कव्हराचा मागचा भाग. शर्टाच्या पाठीतून दुसरा 16 चा चौकोन काढा, तो पुढचा. पाठ मोठी असते, बहुतेक शर्टांत निघतो. खांद्याखालची जोडपट्टी सोडून त्याच्या खाली माप घ्या.

आखताना एकच गोष्ट नीट सांभाळा. चौकोनाची वरची आणि खालची कड दोन बटणांच्या मधोमध यायला हवी. बटण मायेत आलं तर सुई त्यावर आपटून तुटते, आणि तुटलेला तुकडा उडतो, डोळ्यालाही लागू शकतो. गरज पडली तर चौकोन इंचभर वर-खाली सरकवा. पट्टीवर कापडाचे चार-पाच थर असतात, तिथे पोचलात की पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवत टाके घाला. शर्टाच्या कापडाला 11 नंबरची सुई चांगली, जाड कापडाला 14 किंवा 16. टाका अडीच मिलिमीटरचा. कापड पातळ वाटत असेल तर आतून पांढऱ्या जुन्या सुती कापडाचं अस्तर लावा. दोन्ही थर कडेने कच्च्या टाक्याने जोडून एकच कापड समजून शिवायचं. अस्तर असलं की आतलं कुशन आरपार दिसत नाही आणि ताण शर्टाच्या धाग्यांवर येत नाही.

थेट शर्टाला कात्री लावू नका. आधी पिवळ्या कापडावर एक कव्हर पूर्ण करा, कोपऱ्यांसकट. ते मनासारखं आलं की मग शर्ट घ्या. कागदाचा 16 चा चौकोन कापून, त्याचे कोपरे आत घेऊन, तोच साचा दोन्हीकडे वापरा.

आणि खिशाचं. मी माझ्या वडिलांच्या शर्टाचा खिसा उसवायला घेतला होता. दोन इंच उसवल्यावर खालचं कापड दिसलं, गर्द निळं, शर्ट नवा असताना होता तसं. बाकीचा शर्ट उन्हाने आणि धुण्याने विटला होता आणि खिशाच्या आड तेवढा चौकोन जपून राहिला होता. मी थांबले, उसवलेला भाग परत शिवला आणि खिसा तसाच ठेवला. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण उसवण्याआधी हे माहीत असावं असं वाटलं. बटणपट्टी मध्ये घेतलीत की छातीचा खिसा बटणांच्या बाजूलाच येतो. तीच बाजू पुढे ठेवून कुशन मांडलंत तरी छान दिसतं.

पडदेवाला

उरेब ताईंच्या म्हणण्यात एक भर. शर्टाची कापडं धुण्यात फार धागे सोडतात. मायेच्या कडांना ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कड गुंडाळणारी शिलाई) करून घ्या, नाहीतर मशीनवर तिरकी नागमोडी टीप असेल तर ती घाला. नुसती सरळ टीप येणारी पायमशीन असेल तर पहिल्या टिपेच्या बाहेर सुतभर अंतरावर दुसरी टीप घाला, तेवढ्याने पुष्कळ काम होतं. आणि खिडकीजवळ ठेवणार असाल तर ऊन थेट पडणार नाही असं बघा. गडद निळा उन्हात विटतो.

निळीखिडकी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पिवळं कव्हर उसवून 16 चं केलं. कोपरे आत घेताना हात थरथरला, कापलेला तुकडा खरंच वाकडा दिसत होता. कुशन दुमडून आत घातलं, कोपरे एकेक करून ढकलले आणि सोफ्यावर ठेवलं. एकही कान नाही. मी चारी कोपरे बोटांनी दाबून बघितले, आतपर्यंत भरलेले. त्या रात्री दिवा बंद करण्याआधी दोनदा बाहेर येऊन बघितलं.

मग दुसरं पिवळं, आणि काल निळा शर्ट. कड दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये येईल अशी धरली, पट्टीवर चाक हाताने फिरवलं. सुई शाबूत. अस्तर लावलंय. खिसा मी उसवला नाही. बाबा त्यात चष्मा ठेवायचे, त्याची एक काडी कायम बाहेर असायची, त्यामुळे खिशाची वरची कड एका जागी झिजून पांढरी झालीय. ती बाजू पुढे ठेवलीय.

रंगपेटी ताई, निळं कुशन दोन पिवळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं. तीच पिवळी कापडं, पण आता दिव्याखालीही दिसतात. आई आली होती, ती सोफ्यावर बसली, निळं कुशन मांडीवर घेतलं आणि बराच वेळ एक बटण काढत-लावत बसली.

चौकड्यांचा शर्ट बाकी आहे. त्याची पाठ जरा आखूड आहे, खांद्याची जोडपट्टी सोडली तर 15 इंचच उरतात. जोडपट्टीसकट चौकोन घेतला तर मध्ये शिवण येईल. ती आली तर वाईट दिसेल का, की दुसऱ्या कापडाची पट्टी जोडू?

उरेब

जोडपट्टीसकट घ्या ताई. ती शिवण वरून दोन-अडीच इंचांवर आडवी येईल, तेवढी ती त्या शर्टाची खूणच आहे. चौकड्या शिवणीवर जुळत नसतील तर जुळवायला जाऊ नका, शर्ट शिवणाऱ्याने जशी ठेवलीय तशीच राहू द्या. फक्त त्या शिवणीच्या दोन्ही टोकांना, जिथे ती कडेच्या टिपेला मिळते, थर जाड असतील. तिथेही चाक हातानेच फिरवा.